मुकी झालेली तबकडी

कर्जत स्थानकावर उतरून राजमाचीच्या पायथ्याकडे चालूं लागलें म्हणजे उल्हास नदीच्या खोऱ्यांत कोंडाण्याचीं लेणीं लागतात. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोरलेल्या तेथील चैत्याच्या दर्शनी भागाशीं एका मूर्तीचें मस्तक आहे. धड केव्हांच नाहींसें झालें. परंतु मस्तकाजवळ ब्राह्मी लिपींतील एक ओळ राहिली आहे. कान्ह ह्याच्या बालक नांवाच्या शिष्यानें हें काम केलें, असा तिचा अर्थ जाणत्यांनीं लावला आहे. आमच्या तालुक्यांत काम करून गेलेल्या माणसाची ही फार जुनी नोंद होय. मूर्ति फुटली, नांव वांचलें.

दुसरी गोष्ट शेजारच्या खालापूर तालुक्यांतील. २ फेब्रुवारी १६६१ रोजीं उंबरखिंडीच्या अरण्यांत शिवाजीमहाराजांनीं कारतलबखानाच्या सैन्यास कोंडून शरण आणलें, हें आज शाळेंतील मुलालाही ठाऊक आहे. पण त्या लढाईचें सविस्तर वर्णन ज्या ग्रंथांत आहे, तो कवींद्र परमानंदाचा संस्कृत ‘शिवभारत’ ग्रंथ कोंकणांत सांपडला नाहीं. सदाशिव महादेव दिवेकर ह्यांना तो तंजावरास मिळाला, आणि १९२७ सालीं छापून प्रसिद्ध झाला. खिंड आमच्या दारीं, आणि खिंडीची आठवण मात्र शेंकडों कोस दूर, व्यंकोजीराजांच्या वंशजांच्या ग्रंथालयांत!

हीं दोन उदाहरणें आरंभींच देण्याचें कारण असें कीं, माझा आजचा विषय वरवर पाहतां अगदींच निराळा आहे. घरांतील संगणकाच्या पेटींत बिघडलेल्या हार्ड डिस्कवरून मजकूर परत कसा मिळवितात, हें मला सांगावयाचें आहे. श्रोते म्हणतील, हा विषय इंजिनियराचा; पेन्शनर मास्तराचें तेथें काय काम? परंतु नोंद कशावर ठेवली, ती कशी बुडाली, आणि कोठून व कितपत परत आली, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. आणि तो मला पुस्तकांत भेटला नसून घरांत भेटला.

नोकरींत असतांना सुट्यांच्या दिवसांत मी दोन उद्योग करीत असें. ज्यांच्या घरीं मोडी कागद शिल्लक होते, त्यांच्या ओटीवर बसून त्या कागदांचीं छायाचित्रें घेणें हा एक. आणि वृद्ध माणसांना बोलतें करून त्यांचा आवाज टिपून ठेवणें हा दुसरा. भाई कोतवालांचा आझाद दस्ता जेव्हां कर्जतच्या रानांत वावरत होता, तेव्हां दहाबारा वर्षांचे असलेले कांहीं गृहस्थ त्या काळीं हयात होते. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मे झाले. ती बातमी आपल्या गांवीं कोणीं आणली, त्या दिवशीं घरांत चूल पेटली कीं नाहीं, बाप आईशीं काय कुजबुजला, असल्या गोष्टी कोणत्याही सरकारी कागदांत मिळावयाच्या नाहींत. खालापूरच्या बाजूस ठाकर व कातकरी वाड्यांतून लग्नाचीं आणि लावणीच्या वेळचीं गाणीं मिळालीं. सांगणाऱ्यांपैकीं व गाणाऱ्यांपैकीं आज बहुतेक कोणीच नाहीं.

हा सर्व संग्रह प्रथम कॅसेटींवर होता. आमच्याकडील पावसाळा कॅसेटीला मानवत नाहीं. चार महिन्यांत फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात. म्हणून २०१४ सालीं माझ्या भाच्यानें सर्व आवाज व छायाचित्रें संगणकांत उतरवून घेतलीं, आणि त्यांसाठीं एक लहानशी पेटी बसवून दिली. जाड शब्दकोशाएवढी ती पेटी म्हणजे घरगुती सर्व्हर. आंत तीन हार्ड डिस्क. घरांतील कोणत्याही संगणकावरून अथवा मोबाइलवरून तींतील मजकूर पाहतां यावा. जाणकार तिला नॅस म्हणतात. आमच्या घरीं तिचें नांव ‘दप्तर’ असें पडलें. दप्तर आल्यावर बुरसटलेल्या कॅसेटी मीं रद्दीवाल्याच्या स्वाधीन केल्या. त्यापायीं मला पुढें किती रात्री झोप लागली नाहीं, हें आतां सांगून काय उपयोग!

आतां ही हार्ड डिस्क म्हणजे काय वस्तु आहे, तें थोडें पाहूं. चुंबकत्वाच्या साह्यानें आवाज टिपून ठेवण्याची युक्ति डेन्मार्कमधील व्हाल्डेमार पौल्सेन ह्यानें १८९८ सालीं काढली. नळकांड्यावर गुंडाळलेली पोलादी तार, तिच्यावरून सरकणारें लहानसें विद्युच्चुंबक, आणि बोलणाऱ्याच्या आवाजाबरहुकूम तारेवर उमटत जाणारें कमीअधिक चुंबकत्व, इतकेंच तें यंत्र होतें. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत ऑस्ट्रियाचे बादशहा फ्रान्झ जोसेफ त्या यंत्रापुढें कांहीं शब्द बोलले. तो आवाज डेन्मार्कमध्यें जतन करून ठेवलेला असून आजही ऐकतां येतो. त्यांचें साम्राज्य १९१८ सालीं लयास गेलें, तारेवरील चुंबकत्व मात्र राहिलें.

तारेवरून तबकडीवर येण्याची पायरी ज्यानें गांठली, त्याच्याविषयीं मला विशेष आपलेपणा वाटतो. कारण तो मूळचा शाळामास्तर. रेनॉल्ड जॉन्सन हा अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत विज्ञान शिकवीत असे. शिसपेन्सिलीच्या खुणेंतून वीज वाहते, ह्या साध्या गोष्टीचा उपयोग करून त्यानें उत्तरपत्रिका तपासणारें यंत्र बनविलें. आयबीएम कंपनीनें यंत्रही घेतलें आणि मास्तरही घेतला! पुढें १९५२ सालीं सॅन होझे येथील नवी प्रयोगशाळा त्याच्याकडे सोंपविण्यांत आली, आणि तेथें त्याच्या हाताखालील मंडळींनीं जगांतील पहिली हार्ड डिस्क तयार केली. ती १९५६ सालीं बाजारांत आली. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक बसविलेल्या, वजन टनाहून अधिक, आणि इतकें करून तिच्यांत मावत असत पन्नास लाख अक्षरें. आज मोबाइलवर काढलेलें एक चांगलें छायाचित्र ती सगळी जागा अडवून बसेल.

तत्त्व तेंच राहिलें. आकार मात्र आकुंचित होत गेला. आजच्या डिस्कमधील तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळां फिरते. तिच्यावर चुंबकीय धातूचा अत्यंत पातळ लेप असतो, आणि वाचणारें मुख, ज्याला हेड म्हणतात तें, तबकडीला न टेकतां हवेच्या थरावर तरंगत असतें. हें अंतर अवघें कांहीं नॅनोमीटर असतें. मनुष्याच्या केंसाची जाडी ऐंशी हजार नॅनोमीटरांच्या आसपास भरते, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या अंतराची कल्पना येईल. धुळीचा एक कण मध्यें आला तरी तो मार्गांत धोंडा पडल्यासारखा होतो. आणि हेड तबकडीवर घांसलें, तर तेथील लेपाबरोबर अक्षरेंही खरवडून निघतात. तेथें मग कोणत्याही विद्येचा इलाज चालत नाहीं.

अशी नाजूक वस्तु कधींतरी बिघडणारच, हें गृहीत धरून १९८८ सालीं बर्कली येथील विद्यापीठांतील डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ ह्या तिघांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. एकच महागडी व भरवशाची डिस्क घेण्यापेक्षां अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात, आणि त्यांतली एक मेली तरी मजकूर जाऊं नये अशी व्यवस्था करावी, असा त्यांचा विचार. त्या मांडणीला रेड असें नांव पडलें. आमच्या पेटींतील तीन डिस्कांची मांडणी ह्याच जातीची होती. ती समजावयास तिसरीचें गणित पुरें आहे. पहिल्या डिस्कवर ७ लिहिले, दुसरीवर ५, आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२. आतां ह्यांपैकीं कोणताही एक आंकडा पुसून टाका. उरलेल्या दोहोंवरून तो काढतां येतो. प्रत्यक्षांत बेरजेच्या जागीं सम-विषम पाहण्याची रीत असते, आणि ती ‘बेरीज’ तिन्ही डिस्कांवर आळीपाळीनें ठेवलेली असते. पण मर्म तेंच. दोन आंकडे एकदम पुसले गेले, तर मात्र गणित सुटत नाहीं.

ही युक्ति इतकी सुंदर आहे कीं, तिच्यामुळें माणूस गाफील होतो. २०२३ च्या मे महिन्यांत आमची पेटी बारीक आवाजांत सारखी ओरडूं लागली. रात्रीं झोपमोड होई, म्हणून मीं आवाज बंद करण्याचें बटण दाबलें. आंतील छायाचित्रें दिसत होतीं, गाणीं ऐकूं येत होतीं; तेव्हां मी समजलों कीं सर्व ठीक आहे. वास्तविक एक डिस्क त्याच दिवशीं मेली होती, आणि बाकीच्या दोन तिचें काम गणितानें निभावून नेत होत्या. तिघी एकाच दिवशीं विकत घेतलेल्या, एकाच पेटींत तितकीच वर्षें फिरलेल्या. एक गेल्यावर दुसरी फार दिवस काढील, ही आशा मुळांतच वेडी होती.

१९ जुलैच्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडी दरडीखालीं गेली. माझ्या संग्रहांत त्या वाडीचें कांहीं नव्हतें. पण तालुक्यांतील इतर ठाकरवाड्यांचें होतें, आणि त्या आठवड्यांत तीं गाणीं पुन्हां ऐकावींत असें मनानें घेतलें. पाऊस कोसळत होता. वीज जात होती, येत होती. घाटमाथ्यावरील पाणी खोपोलीस उतरवून टाटांनीं १९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली, त्याच घाटाच्या पायथ्याशीं आमच्या घरीं मेणबत्ती लावून बसण्याची पाळी यावी, ह्याचें मला नेहमींच नवल वाटत आलें आहे. असो. वीज आली तेव्हां पेटीचा दिवा लागला, पण दप्तर उघडेना. आंतून टक्, टक्, टक् असा एकसारखा आवाज येऊं लागला. हेडला आपली जागा सांपडत नसली, म्हणजे तें पुनःपुन्हां आरंभाशीं परततें. त्याचा तो आवाज.

अशा वेळीं सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. एकानें डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून रात्रभर फ्रीजमध्यें ठेवावयास सांगितलें. हा उपाय फार प्रसिद्ध आहे आणि फार वाईट आहे. थंड डिस्क कोंकणच्या जुलैच्या हवेंत बाहेर काढली, कीं तिच्यावर दंव धरणारच. बाजारांतील एका दुकानदारानें नवी डिस्क घालून सर्व पेटी नव्यानें मांडून देण्याची तयारी दाखविली. त्यानें तसें केलें असतें, तर उरलेल्या अक्षरांवर पाणी पडलें असतें. सुदैवानें तत्पूर्वीं भाच्याचा फोन लागला. तो म्हणाला, “मामा, आधीं वायर काढा. तिन्ही डिस्कांवर एक, दोन, तीन असे आंकडे घाला, आणि कोणाला हात लावूं देऊं नका.” आंकडे घालण्याचें महत्त्व मला मागाहून कळलें. डिस्कांचा क्रम चुकला, तर पोथीचीं पानें विसकटल्यासारखें होतें.

डिस्का मुंबईस एका जाणत्या माणसाकडे नेल्या. त्यानें जें केलें तें पाहून मला हस्तलिखितें तपासणाऱ्या पंडितांची आठवण झाली. पुण्यास भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं आरंभिली गेली, ती १९६६ सालीं पुरी झाली. कोणती पोथी कोणत्या परंपरेची, कोणत्या पाठावर किती भरंवसा ठेवावा, ह्याचा विचार तेथें पावलोपावलीं करावा लागला. येथेंही पहिला प्रश्न तोच होता. मे महिन्यांत मेलेली डिस्क आणि जुलैंत मेलेली डिस्क, ह्यांपैकीं कोणती दुरुस्त करावयाची? मी म्हणालों, जी सोपी असेल ती. त्यानें मान हलविली. मे महिन्यानंतर पेटींत जें जें लिहिलें गेलें, त्याचा पहिलीला पत्ता नव्हता. तिच्यावरचे जुने आंकडे नव्या आंकड्यांशीं मिळवून उत्तर काढलें असतें, तर निघालेलें उत्तर दिसावयास खरें आणि वस्तुतः खोटें झालें असतें. म्हणून जुलैंत मेलेली डिस्कच उघडणें भाग होतें.

ती उघडण्याची जागा म्हणजे शस्त्रक्रियेच्या खोलीहूनही स्वच्छ. गाळलेली हवा सतत वाहत ठेवून तेथें धुळीचे कण जवळजवळ नाहींतसे केलेले असतात. त्याच बनावटीची व त्याच सुमाराची दुसरी चांगली डिस्क मिळवून तिचीं हेडें काढावयाचीं आणि आजारी डिस्कला बसवावयाचीं, ही मुख्य क्रिया. पूर्वीच्या डिस्कांत खालची विजेची पाटी बदलून भागत असे. आतां त्या पाटीवरील एका चिपमध्यें त्या त्या डिस्कच्या खासगी खाणाखुणा लिहिलेल्या असतात. पाटी बदलली तरी ती चिप जुन्या पाटीवरून काढून नव्या पाटीवर जोडावी लागते.

आणि इतकें करून दुरुस्त झालेली डिस्क वापरावयाची नसतेच. तिनें मरण्यापूर्वीं एकदां बोलून घ्यावें, एवढ्यासाठींच हा खटाटोप. तिच्यावरील प्रत्येक कप्प्याची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवितात. प्रथम जें सहज वाचतां येतें तें सर्व घ्यावयाचें. जेथें अडेल तेथें हट्ट न धरतां खूण करून पुढें जावयाचें. आणि मग त्या खुणांच्या जागीं परत येऊन, कधीं उलट दिशेनें, थोडें थोडें सोडवावयाचें. अडलेल्या जागीं आरंभींच झटापट केली, तर दुबळें हेड तेथेंच प्राण सोडतें आणि सुवाच्य भागही हातचा जातो. वर्गांतील मुलांना परीक्षेच्या पेपराविषयीं मी जन्मभर हेंच सांगत आलों. आमच्या डिस्कला ह्या कामीं नऊ दिवस लागले. नंतर ती नक्कल आणि शाबूत राहिलेली तिसरी डिस्क, ह्यांच्यावरून गणितानें दप्तर पुन्हां उभें करण्यांत आलें. खर्च माझ्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढा झाला.

त्या नऊ दिवसांत धीर रहावा म्हणून मीं कोलंबिया यानाची हकीकत पुन्हां वाचून काढली. १ फेब्रुवारी २००३ रोजीं तें अवकाशयान पृथ्वीकडे परततांना टेक्ससच्या आकाशांत फुटलें, आणि कल्पना चावला व तिचे सहा सोबती प्राणांस मुकले. यानांत झेनॉन वायूच्या एका प्रयोगाचीं निरीक्षणें एका हार्ड डिस्कवर लिहिलेलीं होतीं. ती डिस्क पुढें कांहीं महिन्यांनीं एका आटलेल्या तळ्याच्या पात्रांत मिळाली. जळून ती एक काळवंडलेला गोळा झाली होती. तिच्या तबकड्या काढून, धुवून, दुसऱ्या सांगाड्यांत बसविण्यांत आल्या, आणि सुमारें नव्याण्णव टक्के मजकूर परत आला. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ सालीं छापून आले. जुन्या पद्धतीमुळें त्या डिस्कवरील मजकूर विखुरलेला नसून सलग लिहिलेला होता, आणि म्हणून तो वाचतां आला. मी मनाशीं म्हणालों, आकाशांतून पडलेली बोलली, तर फडताळांतली कां बोलूं नये?

ती बोलली, पण सर्व बोलली नाहीं. मोडी कागदांच्या छायाचित्रांपैकीं कांहींचा वरचा भाग स्वच्छ आहे आणि खालीं नुसती करडी पाटी; कसर लागलेल्या कागदासारखीच. त्यांतले दोन कागद मूळ मालकांच्या घरीं अद्याप होते, त्यांचीं छायाचित्रें पुन्हां घेतलीं. एका घरीं मात्र घर पाडतांना कागद चुलींत गेल्याचें कळलें. तेव्हां त्या खताचा अर्धा भागच आतां ह्या जगांत आहे. गाणीं बहुतेक सगळीं आलीं. त्यांच्या प्रती मीं त्या त्या वाडीवर नेऊन दिल्या, मुलांच्या मोबाइलांत घालून दिल्या. एक संच भाच्याच्या घरीं पुण्यास ठेवला. तंजावर नव्हे, पण घाटाच्या पलीकडे तरी आहे.

राहिली ती १९४३ ची हकीकत सांगणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांची फाइल. सिद्धगडाची बातमी घरीं आली, येथपर्यंत त्यांचें बोलणें स्पष्ट आहे, आणि मग शांतता. हे शब्द डिस्कनें गिळले कीं म्हातारबोवा स्वतःच गप्प झाले होते, हें मला ठरवितां येईना. भाच्यानें पडद्यावर त्या आवाजाचा आलेख काढून दाखविला. माणूस गप्प असला तरी अंगण गप्प नसतें. कोंबडीचा, वाऱ्याचा, दूरच्या गाडीचा बारीक थरथराट आलेखांत राहतो. जेथें डिस्क वाचली गेली नाहीं, तेथें यंत्र शून्यें भरतें, आणि आलेख पट्टीनें आंखल्यासारखा सरळ होतो. पाहिलें तों प्रथम सात सेकंद थरथराट होता, म्हणजे ते खरोखरच गप्प बसले होते. त्यापुढील चार सेकंद सरळ रेघ. मग एकदम पुढल्या दिवसाची गोष्ट.

त्या चार सेकंदांत ते जें बोलले, तें मीं समोर बसून ऐकलेलें आहे, आणि मला तें आठवत नाहीं. त्यांच्या मुलाकडे गेलों. तो त्या दिवशीं आम्हांला चहा घेऊन आला होता. त्यानें फाइल दोनदां ऐकली आणि म्हणाला, “गुरुजी, बाबा त्या ठिकाणीं नेहमीं पाणी मागायचे.”